तिसऱ्या दिवसाचा नाला

आमच्या ऑफिसात पाल निघाली की आधी साळवे मॅडमना बाहेर न्यावं लागे, मग पालीकडे बघता येई. पालीचं एक वेळ समजू शकतो. पण बाई लिफ्टला भीत, गच्चीला भीत, गॅसच्या नळीला भीत, आणि नव्या जालन्यातला स्टेशनचा रस्ता ओलांडायला तर इतक्या भीत की नुसतं पलीकडे जायला ऑटो करत. ऑटोवाल्यांना ते ठाऊक झालं होतं. त्यांच्यापैकी कुणी हसत नसे, कारण आत बसल्या बसल्या मॅडम इतक्या सूचना देत की बिचाऱ्याला हसायला सवडच मिळत नसे.

अशा बाईनं हिमालयातल्या दोन उंच खिंडींतून, पायवाटसुद्धा नसलेल्या डोंगरातून जायची सहा दिवसांची वाट आखली, असं मी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण ती वाट माझ्या टेबलापासून चार हातांवर आखली गेली. तिच्यातल्या एका ओळीला मी मान डोलावली होती. म्हणूनही हे लिहावंसं वाटतं.

विमल साळवे आमच्या जलसंधारणाच्या ऑफिसात अनुरेखक होत्या. अनुरेखक म्हणजे नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो गिरवणारा माणूस. आता हे काम संगणक करतो, त्यामुळे जिल्ह्यात हे पद मॅडमबरोबरच संपलं. त्यांचं टेबल काचेचं होतं आणि खाली ट्यूबलाइट लावलेली होती. मान खाली घालून त्या काळ्या शाईनं कंटूर ओढत, म्हणजे डोंगराच्या एकाच उंचीवरून फिरणाऱ्या रेषा. या रेषा लांब लांब असल्या की उतार सोपा, जवळ आल्या की कडा. पस्तीस वर्षं त्यांनी आमच्या जिल्ह्यातल्या बोडक्या टेकड्या गिरवल्या. स्वतः चढलेली सगळ्यात उंच जागा कोणती असं विचारलं तर म्हणत, "अंबडच्या देवीची टेकडी. तिथं कठडा हाय."

मी आवक-जावक कारकून. अकरा वर्षं त्यांच्या शेजारी बसलो. चहा त्या थंड करून पीत. घरून निघताना कुलूप लावलं की ओढून बघत, आणि ऑफिसात आल्यावर शेजारणीला फोन करून तिलाही ओढून बघायला सांगत. एकदा सातव्या मजल्यावर आमचं प्रशिक्षण होतं. आम्ही सगळे लिफ्टनं वर जाऊन चहा पिऊन बसलो तेव्हा मॅडम जिन्यानं पोचल्या. दम खात खात पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "पाचव्या मजल्यावरचा कठडा हालून राह्यला. कोणाला तरी सांगून ठेवा, काळे भाऊ." मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच वॉचमनला सांगून तिथं दोरी बांधून घेतली.

त्यांची भीती नुसती भीती नव्हती, हे मला उशिरा कळलं. अंबडकडच्या एका गावात टेकडीवर पाणी अडवायचे चर खणायचे होते. नकाशा गिरवायला आला. मॅडमचा हात एका जागी थांबला. त्यांनी पेन खाली ठेवला आणि नव्यानं आलेल्या शाखा अभियंत्यांना म्हणाल्या, "साहेब, इथं मला भ्या वाटून राह्यलं." साहेब तरुण, घाईत. म्हणाले, मॅडम, रेघ ओढायला कसली भीती? मॅडम पुढं ओढेनात. शेवटी वैतागून ते जागेवर जाऊन आले. मोजणीत एका ठिकाणची उंची चुकून लिहिली गेली होती. त्या नकाशाप्रमाणे चर खणला असता तर मोठ्या पावसात सगळं पाणी खालच्या सहा घरांच्या वस्तीत घुसलं असतं. साहेबांनी परत येऊन विचारलं, तुम्हाला कळलं कसं? मॅडम म्हणाल्या, "कळलं कुठं? भ्या वाटलं. मला भ्या वाटलं म्हंजी तिथं काही तरी असतंच."

त्यांना एक मुलगी, संघमित्रा. घरात आणि ऑफिसातही मित्राच. ती शाळेत असताना वडील गेले. आता परतूरला बँकेत होती आणि रोज रेल्वेनं जाऊन-येऊन करायची. आईच्या अगदी उलट. गड-किल्ले झाले, हिमालयातल्या मळलेल्या वाटांवर दोनदा जाऊन आली. दर वेळी मॅडम आठ-आठ दिवस जेवत नसत. एका संध्याकाळी परतूरच्या गाडीनं उतरून ती थेट ऑफिसात आली. आईला घरी सांगितलं तर रडेल, चारचौघांत रडणार नाही, हा तिचा हिशेब.

"आई, मी सप्टेंबरात जाऊन राह्यले. बँकेतले दोघं सोबत हायेत, नवरा-बायको. दोन खिंडी हायेत, वाट न्हाई."

"वाट न्हाई तर जायचं कसं?"

"नकाशावरून."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "कोणाच्या नकाशावरून?" एवढंच विचारलं आणि पिशवी उचलून निघाल्या.

तीन दिवस त्या माझ्याशी सुद्धा बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी काचेच्या टेबलावर एक मोठा नकाशा पसरला. मित्रानं तो इंटरनेटवरून काढून झेरॉक्सच्या दुकानात छापून आणला होता. मी उठून बघितलं. आमच्या टेकड्यांच्या कंटूरमध्ये बोट मावतं. इथं रेषा इतक्या दाटल्या होत्या की जागोजागी नुसती काळी ठिगळं दिसत होती.

"ती थांबायची न्हाई," मॅडम म्हणाल्या. "बापावर गेली. मंग दुसऱ्याच्या रेघेवरून काहून जाईल? माझ्या रेघेवरून जाऊ द्या."

जून ते ऑगस्ट, रोज जेवणाच्या सुट्टीत हे चाललं. डबा एका हातात, पेन दुसऱ्या. सहा दिवसांची सहा पानं. वाट काळ्या शाईनं, पाणी निळ्या, आणि ज्या ज्या जागी मॅडमना भीती वाटेल तिथं लाल पेन्सिलीचा ठिपका. प्रत्येक ठिपक्याला नंबर आणि मागच्या बाजूला त्या नंबरापुढं उपाय. इथं दोर. इथं एकेकानं जायचं, दुसऱ्यानं वर बघत राहायचं. इथं बर्फ असेल तर उन्हं यायच्या आत पार व्हायचं. इथं अकरा वाजेपर्यंत पोचलो नाही तर खिंड डोळ्यांसमोर दिसत असली तरी मागं फिरायचं. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा लिहिलं होतं.

माहिती कुठून आणत? मित्राला विचारत, तिच्याकडून पुस्तकं मागवून घेत, आणि उरलेलं सगळं भिऊन काढत. डोळे मिटून बसत आणि त्या पानावरून चालत जात. मी बघितलंय. चालता चालता एकदम खुर्चीचा हात घट्ट धरत, डोळे उघडत आणि लाल ठिपका देत.

मित्रा वैतागायची. "आई, एवढ्या लाल रंगात मला वाटच दिसून न्हाई राह्यली."

"दिसंल. ठिपके संपले की वाट."

एका रविवारी त्यांनी मित्राच्या बॅगेत पंधरा किलो गहू भरले आणि तिला अंबडच्या टेकडीवर सात वेळा चढवलं-उतरवलं. स्वतः खाली घड्याळ घेऊन उभ्या. मीही गेलो होतो, कशाला कुणास ठाऊक. सातव्या खेपेला पोरीचे पाय लटपटायला लागले तेव्हा मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. पण वेळ मात्र बरोबर टिपली. त्या वेळेवरून त्यांनी सहाही दिवसांचं वेळापत्रक बसवलं. अमुक वाजता अमुक जागी. अर्ध्या तासाचा फरक त्या चालू देत नव्हत्या.

आता तिसऱ्या दिवसाचं पान. पहिली खिंड सकाळी ओलांडायची, मग एका लांबलचक उतारानं खाली यायचं आणि एक नाला ओलांडून पलीकडे मुक्काम करायचा. निळी रेघ तिथं फाटून तीन बारीक रेघा झाल्या होत्या. मॅडम त्या जागेवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथं बरं हाय. पाणी पसरलंय, म्हंजी उथळ. मुक्कामाला पाण्याची सोय." मागं त्यांनी लिहिलं, दुपारी सव्वातीन वाजता नाला ओलांडणे. आभाळ आले असल्यास उतरू नये. लख्ख ऊन असेल तर बिनधास्त जावे. मला वाचून दाखवलं. मी म्हणालो, बराबर हाय.

आमच्या दोघांचाही जन्म इथला. दुधना नदी आम्ही चपला हातात घेऊन ओलांडलेली माणसं. आमच्याकडे नाला भितो तो उन्हाला. आभाळ भरलं, वर कुठं तरी पाऊस झाला की लोंढा येतो. चार दिवस ऊन पडलं की त्याच नाल्यातून बैलगाडी जाते. ऊन म्हणजे पाणी कमी, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. आणि निळी रेघ दिसली की इथल्या माणसाला हायसं वाटतं, तो तिला भीत नाही. सहा पानांवर मिळून सत्तरच्या वर लाल ठिपके होते. त्या नाल्यावर एकही नव्हता.

सप्टेंबरात पोरं गेली. निघण्याच्या सकाळी मित्राचा शेवटच्या गावातून फोन आला. त्यापुढे फोन लागणार नव्हता. सहाव्या दिवशी संध्याकाळी ती पलीकडच्या गावात उतरून फोन करणार, असं ठरलं होतं. मॅडमनी सहाही पानांच्या नकला स्वतःजवळ ठेवल्या होत्या. पहिला दिवस त्यांनी घड्याळाबरोबर काढला. "आता त्या मोठ्या दगडाशी असतील." "आता चूल पेटवली असंल." मला वाटलं, चला, बाई भीत भीत का होईना, सोबत तरी चालतायत.

दुसऱ्या दिवशी दुपारी रहीम चाचा टेबलाशी आले. ते आमचे नवे वॉचमन, त्याच आठवड्यात परतूरच्या ऑफिसातून बदलून आले होते. आधी फौजेत होते, बर्फातल्या चौक्यांवर बरीच वर्षं काढलेली. नकाशा बघून म्हातारा खूश झाला. एकेक पान बोटानं चालत गेला, मान डोलावली, बहुत बारीक काम हाय म्हणाला. तिसऱ्या पानाची मागची बाजू वाचली आणि बोट थांबलं.

"मॅडम, ये उल्टा लिखा है."

"काय उल्टं?"

"उधर धूप म्हंजी पाणी. दिवसभर ऊन पडलं की बर्फ पिघलतो ना. सकाळी जो नाला घोट्याएवढा, तोच दुपारला माणूस घेऊन जातो. आम्ही सकाळी सहाच्या आत उतरायचो. दुपारी कोणी नाव काढत न्हवतं." त्यांना वाटलं हा नकाशा पुढच्या कुणासाठी आहे. हसत म्हणाले, "टाइम बदलून टाका, बस."

मॅडमचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. मी रहीम चाचांना हाताला धरून बाहेर नेलं आणि पोरं कालच या वाटेनं निघाल्याचं सांगितलं. ते दाराशी मटकन बसले.

परत आलो तर मॅडम शेवटच्या गावातल्या मुक्कामाच्या घरी फोन लावत होत्या. तिसऱ्यांदा लागला. काल सकाळीच गेले, तिकडचा माणूस म्हणाला. मागून कुणाला पाठवता येईल का? येईल, पण गाठायला दोन दिवस. मॅडमनी फोन ठेवला, आपलंच वेळापत्रक समोर ओढलं आणि बघितलं. उद्या सव्वातीन. त्यांनी इतकं काटेकोर आखलं होतं की आता त्यांना शंकेला सुद्धा जागा नव्हती. पोरगी कोणत्या मिनिटाला पाण्यात पाय घालणार हे ठाऊक, आणि तिला हाक मारायला कुठलीच सोय नाही.

"तिच्यासोबतचे लोक शहाणे हायेत," मी म्हणालो.

"ते बी इथलेच, काळे भाऊ."

दुसऱ्या दिवशी मला वाटलं होतं त्या येणार नाहीत. आल्या. मोबाइलवर तिकडचं हवामान काढून समोर ठेवलं होतं. लख्ख ऊन. दिवसभर लख्ख ऊन. मॅडमनी लिहून दिलेलंच हवामान. रहीम चाचा दाराशी उभे होते, ओठ हलत होते. तीन वाजले. सव्वातीनला मॅडमनी दोन्ही हात काचेवर उपडे ठेवले आणि नुसत्या बघत राहिल्या. मी आयुष्यात बऱ्याच वेळा घाबरलोय, पण ती पंधरा-वीस मिनिटं वेगळी होती. शेजारी बसलेल्या माणसाचं मूल कदाचित या क्षणी बुडतंय, आणि खिडकीबाहेर मोटारसायकली चालल्यात, कुणीतरी आवकचा शिक्का मागतंय. मी शिक्का मारून दिला. काय करणार?

चौथा दिवस गेला, पाचवा गेला. सहाव्या दिवशी संध्याकाळी फोन यायचा होता. आला नाही. ऑफिस सुटलं तरी आम्ही तिघं बसून राहिलो. मॅडम एकच वाक्य बोलल्या, "माझ्या रेघेवरून गेली ती." सातव्या दिवशी सकाळी अकराला फोन वाजला. मी मॅडमचा हात बघत होतो. त्यांना हिरवं बटण दाबता येईना. मी दाबून दिलं.

"आई, आलो खाली. सगळं ठीक हाय. एक दिवस उशीर झाला."

मॅडम म्हणाल्या, "बरं. जेवली का?" आणि फोन माझ्याकडे देऊन भिंतीला टेकल्या.

एवढं झाल्यावर गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही, कारण मॅडमनी तो एक दिवस कुठं गेला हे विचारलं नाही. मित्रा दिवाळीला आमच्याकडे आली, फोटो दाखवले, खिंडी दाखवल्या. नाल्याचा फोटो नव्हता. मी विचारायला तोंड उघडलं आणि मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की मी शेव खायला घेतली. नंतर जिन्यात मला म्हणाल्या, "नका विचारू. ती वाहून जाता जाता वाचली असंल, तर मला ऐकवायचं न्हाई." भीतीचं हे नवीनच रूप होतं. आधी त्या व्हायच्या गोष्टींना भीत, आता होऊन गेलेल्या गोष्टीला. ऑफिसातही त्यांचा हात बदलला. एक साधी रेघ ओढायला अर्धा दिवस. दहा वेळा विचारायच्या, "बराबर हाय ना?" मला त्यांची दया यायची आणि माझी लाज. मान मीही डोलावली होती. ते तिसरं पान त्यांनी पुन्हा हातात धरलं नाही. मी एकदा म्हणालो, एक लाल ठिपका देऊन टाका, सुटाल. म्हणाल्या, "आता कोणासाठी?"

मार्चअखेर त्यांचा निरोप समारंभ झाला. हॉल भरलेला. मित्रा पहिल्या रांगेत. आमचे मोठे साहेब उत्साही माणूस. त्यांनी कुणाला न सांगता मॅडमच्या कपाटातून ती सहा पानं काढून, स्कॅन करून, रंगीत छापून आणली होती. भाषणात म्हणाले, जालन्यात बसून हिमालयाची वाट आखणारी आमची बाई. टाळ्या झाल्या. मग म्हणाले, आपल्या गावातल्या कॉलेजच्या प्राध्यापकांचा आठ जणांचा गट यंदा याच वाटेनं जाणार आहे, त्यांना आपण हे नकाशे भेट देऊ. पुढच्या रांगेतून ते लोक उठले आणि एकेक संच घेऊन गेले. मित्रा अर्धवट उठली आणि आईकडे बघून परत बसली.

मॅडम सत्काराच्या शालीत खुर्चीवर बसल्या होत्या. चारचौघांत बोलायला ही बाई भीत असे. पस्तीस वर्षांत त्यांनी एकदाही माइक धरला नव्हता. त्या उठल्या. माइक हातात घेतला.

"तिसऱ्या दिवसाचं पान चुकलं हाय," त्या म्हणाल्या. "नाला दुपारी लिहिला मी. ऊन असंल तर जा, असं लिहिलं. तिथं उन्हानं पाणी चढतं. मला ठाऊक न्हवतं. ठाऊक झालं तव्हा माझी पोरगी रस्त्यात होती. सहा महिने मी कोणाला बोलले न्हाई."

साहेब काहीतरी बोलायला पुढं झाले. मॅडम थांबल्या नाहीत. माइक तोंडाशी तसाच धरून त्या पहिल्या रांगेकडे वळल्या, आणि घरात विचारावं तसं सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं.

"मित्रा, तू पाण्यात कव्हा उतरलीस?"

मित्रा उभी राहिली. "दुसऱ्या दिवशी सकाळी, आई. पोचलो सव्वातीनलाच. पाणी बघितलं. ते दोघं म्हणे, आईनं बिनधास्त लिहिलंय, चला. मला भ्या वाटलं. मी म्हणाले, न्हाई उतरायचं. रात्रभर अलीकडं बसून राह्यलो."

"सकाळी पाणी किती होतं?"

"घोट्याच्या थोडं वर."

मॅडमनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत, वाहत होते तसेच वाहू दिले. मग त्या आठ जणांकडे वळून म्हणाल्या, "लिहून घ्या. सकाळी, उन्हं यायच्या आत." ते लोक खिसे चाचपायला लागले. दोघातिघांकडेच पेन निघाले, ते एकमेकांना देत राहिले. साहेबांनी घड्याळ बघितलं. बाहेर जेवणाची पंगत खोळंबली होती. मॅडम शाल सावरत तिथंच उभ्या राहिल्या, आठव्या माणसाचं लिहून होईपर्यंत.